योशिमोतो सामोंजी: सही नसलेल्या तलवारीचे एक प्रकरण

क्योतो शहराच्या उत्तर भागात फुनाओका नावाची लहानशी टेकडी आहे आणि तिच्यावर सोळाव्या शतकातील सेनानी ओदा नोबुनागा याला वाहिलेले केनकुन हे शिंतो देवस्थान आहे. या देवस्थानाच्या मालकीची एक तलवार जपान सरकारने 'महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती' म्हणून नोंदवलेली आहे. तिला योशिमोतो सामोंजी म्हणतात; सामोंजी म्हणजे 'सा' हे अक्षर. तिचे पाते ६७ सेंटीमीटर लांब आहे. चौदाव्या शतकात चिकुझेन प्रांतात, म्हणजे आजच्या फुकुओका परिसरात, 'सा' या एकाक्षरी नावाने सही करणाऱ्या लोहाराने ती घडवली असे मानले जाते. मात्र आज त्या पात्यावर त्याची सही नाही, आणि त्याने धारेला पाजलेले पाणीही उरलेले नाही, कारण १६५७ च्या आगीत ते उतरले आणि पुढे दुसऱ्या हातांनी ते पुन्हा पाजले.

सही नाही, मूळची लांबी नाही, मूळचे पाणी नाही. अशा तलवारीला 'सा'ची का म्हणायचे, आणि तिचे मोल नेमके कशात आहे, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. जपानी तलवारीच्या भागांची नावे सहसा एखाद्या आकृतीभोवती चाळीस बाण काढून शिकवली जातात. त्या पद्धतीने नावे पाठ होतात, पण ती कशासाठी आहेत हे कळत नाही. माझ्या मते यातील बहुतेक नावे सजावटीची नसून पुराव्याच्या जागांची आहेत: पात्यावर कोणती गोष्ट कोठे घडली, ती टिकली की गेली, आणि गेली असल्यास तिची खूण कोठे शोधायची, हे सांगण्यासाठी ती लागतात. योशिमोतो सामोंजीच्या बाबतीत दोन मोठे आघात झाले आणि दोन्हींचा माग भागांच्या नावांवाचून सांगताच येत नाही, म्हणून हे प्रकरण निवडले आहे.

तलवार कोणाकोणाकडून गेली

परंपरेनुसार या तलवारीचा पहिला ज्ञात धनी मियोशी सोसान हा क्योतोच्या आसपासच्या राजकारणातील सरदार होता, आणि म्हणून तिचे दुसरे नाव सोसान सामोंजी असे आहे. त्याच्याकडून ती काई प्रांताच्या ताकेदा नोबुतोराकडे, म्हणजे पुढे गाजलेल्या ताकेदा शिंगेनच्या वडिलांकडे गेली. नोबुतोराची मुलगी १५३७ मध्ये सुरुगाच्या इमागावा योशिमोतोला दिली गेली आणि त्या सोयरिकीत तलवार जावयाकडे आली असे सांगतात. इथपर्यंतचा प्रवास एखाद्या मौल्यवान भेटवस्तूचा आहे.

१५६० मध्ये योशिमोतो मोठी फौज घेऊन पश्चिमेकडे ओवारी प्रांतात शिरला. ओवारीचा धनी नोबुनागा तेव्हा तिशीच्याही आतला होता आणि त्याची माणसे कितीतरी कमी होती. ओकेहाझामा येथे त्याने योशिमोतोच्या छावणीवर अचानक हल्ला चढवला आणि त्यात योशिमोतो मारला गेला. नोबुनागाच्या पदरी राहिलेल्या ओता ग्यूइचीने लिहिलेल्या 'शिन्चो कोकी' या बखरीत या लढाईच्या वृत्तान्ताच्या शेवटी एक छोटी नोंद आहे: योशिमोतो नेहमी कमरेला लावत असे ती नावाजलेली सामोंजी तलवार नोबुनागाने मागवून घेतली, तिने अनेकदा काप घेऊन पाहिले आणि पुढे ती स्वतः नेहमी वापरू लागला. या नोंदीला प्रकरणात फार महत्त्व आहे. त्याचे कारण पुढे येईल.

१५८२ मध्ये क्योतोतील होन्नो-जी मंदिरात नोबुनागाचा अंत झाल्यावर तलवार तोयोतोमी हिदेयोशीकडे, त्याच्या मुलाकडे आणि तेथून तोकुगावा इएयासुकडे गेली. ओकेहाझामाच्या मोहिमेत तरुण इएयासु योशिमोतोच्याच बाजूने लढत होता, हे ध्यानात घेतले तर जुन्या धन्याची तलवार अखेर त्याच्या हाती येणे ही साधी वाटणी राहत नाही. पुढची अडीच शतके ती शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांच्या, घराण्यात राहिली आणि मेइजी काळात नोबुनागाचे देवस्थान स्थापन झाल्यावर तोकुगावा घराण्याने ती तेथे अर्पण केली.

मूठ उतरवल्यावर

पुढचे समजण्यासाठी तलवार उघडावी लागते. जपानी तलवारीची मूठ, म्हणजे त्सुका, पात्याला कायमची जोडलेली नसते. होनोकीच्या लाकडाच्या दोन फाळ्या चिकटवून ती करतात, वरून पाकट माशाचे खरखरीत कातडे लावतात आणि त्यावर फीत आवळून गुंडाळतात. पाते मुठीत धरून ठेवते ती एक बांबूची आडवी खुंटी, जिला मेकुगी म्हणतात. लहान पितळी हातोडीच्या टोकाने मेकुगी बाहेर ढकलायची, म्यानातून पाते काढून मूठ डाव्या हातात शेवटाशी धरायची, पाते तिरके उभे ठेवायचे आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलकेच ठोकायचे. दोनतीन ठोक्यांत पाते आतून सैल होते आणि किंचित वर उचलले जाते. मग पाते उचलून काढता येते. मूठ दूर झाली की त्सुबा, म्हणजे परज, तिच्या दोन्ही बाजूंच्या सेप्पा नावाच्या पातळ चकत्यांसह निघते. शेवटी राहते हाबाकी, म्हणजे पात्याच्या बुडाला घट्ट बसणारे तांब्याचे, बहुधा सोन्याचा पत्रा चढवलेले वेढण, जे पाते म्यानात अधांतरी धरून ठेवते आणि धारेला लाकडाचा स्पर्श होऊ देत नाही. ते काढले की उघड्या लोखंडाचा तो भाग दिसतो ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप आहे: नाकागो.

नाकागो म्हणजे मुठीच्या आत राहणारा पात्याचा भाग. त्याला चकाकी दिलेली नसते. त्यावर काळपट तपकिरी गंज साठलेला असतो आणि तो कोणी कधीही पुसत नाही, कारण गंजाचा रंग आणि पोत यांवरून लोखंडाचे वय ताडता येते. पात्याच्या उरलेल्या भागाला तेलाचा पातळ हात देऊन जपणारा माणूसही नाकागोवरचा गंज खरवडत नाही. त्यावर कानशीच्या रेघा असतात, त्यांना यासुरिमे म्हणतात. आडव्या, तिरप्या किंवा पिसासारख्या दोन्हीकडून उतरत्या अशा त्यांच्या ठेवणीवरून घराणे ओळखता येते. मेकुगीसाठी आरपार भोक असते ते मेकुगी-आना. शेवटच्या टोकाच्या आकारालाही वेगळे नाव आहे, नाकागो-जिरी. आणि लोहाराने छिन्नीने कोरलेली सही, म्हणजे मेइ, येथेच असते.

आपल्याकडच्या तलवारीत पाते लोखंडी मुठीत राळ किंवा लाख ओतून पक्के बसवलेले असते आणि तापवल्याशिवाय ते निघत नाही. त्यामुळे कारागिराची वा धन्याची अक्षरे उघड्या पात्यावर किंवा मुठीवर कोरलेली सापडतात. जपानी परंपरेने ती सारी माहिती झाकलेल्या भागात ठेवली आणि मूठ काढता येईल अशी ठेवली. म्हणून नाकागो हा तलवारीचा सात-बारा होतो: मूळ कर्ता कोण, फेरफार कोणते झाले, मधल्या काळात तिच्यावर कोणाचे नाव चढले, हे तेथे वाचायचे. आजही जपानमध्ये प्रत्येक तलवारीच्या नोंदणीपत्रात प्रकार, लांबी आणि बाक यांच्या जोडीला मेकुगी-आनांची संख्या आणि नाकागोच्या दोन्ही बाजूंचा मजकूर लिहिलेला असतो.

योशिमोतो सामोंजीच्या नाकागोवर 'सा' हे अक्षर नाही. तेथे सोन्याच्या अक्षरांत एका बाजूला 'ओदा ओवारी-नो-कामी नोबुनागा' असे नाव आहे आणि दुसऱ्या बाजूला मजकूर आहे, ज्याचा अर्थ असा: एइरोकु तिसरे वर्ष (म्हणजे १५६०), पाचवा महिना, एकोणिसावा दिवस, योशिमोतोला मारले त्या वेळी त्याच्यापाशी असलेली तलवार.

पहिला आघात: कानस

परंपरा सांगते की ही तलवार मुळात २ शाकु ६ सुन लांब होती. एक शाकु ३०.३ सेंटीमीटरचा, सुन त्याचा दहावा भाग आणि बु सुनाचा दहावा भाग धरला तर हे सुमारे ७८.८ सेंटीमीटर होतात. आज ती २ शाकु २ सुन १ बु, म्हणजे ६७ सेंटीमीटर आहे. जवळजवळ १२ सेंटीमीटर कोठे गेले? टोकाकडून नक्कीच गेले नाहीत. जपानी तलवार आखूड करायची तर ती नेहमी बुडाकडून करतात, कारण किस्साकी, म्हणजे टोकाचा भाग, योकोते नावाच्या आडव्या रेघेने वेगळा केलेला असतो आणि त्यात धारेचे पाणी वळसा घेऊन पाठीकडे परतते. तो कापला तर तलवारीचे तोंडच गेले.

आखूड करण्याच्या या कामाला सुरिआगे म्हणतात. त्याची रीत समजण्यासाठी आणखी दोन नावे लागतात. पाते आणि नाकागो यांच्या हद्दीवर दोन खाचा असतात: धारेकडची हामाची आणि पाठीकडची मुनेमाची. पात्याची लांबी, म्हणजे नागासा, मोजायची ती मुनेमाचीपासून टोकापर्यंत सरळ रेषेत, बाकाच्या अंगाने नव्हे. सुरिआगे करताना नाकागोचे शेवटचे टोक कापतात, दोन्ही खाचा पात्यावर वर सरकवून नव्याने घडवतात, आणि काल जे पाते होते त्याचा खालचा भाग घासून आज नाकागो करतात. मेकुगीसाठी नवे भोक पाडतात. मूळ नाकागोचा काही भाग शिल्लक राहिला तर जुने भोक आणि सहीचा तुकडा दिसतो. सारा मूळ नाकागोच कापला गेला तर सहीही जाते, आणि अशा तलवारीला ओ-सुरिआगे म्हणतात.

सही जपायची असेल तर वाटा होत्या. सहीचा भाग चौकोनी तुकडा म्हणून कापून नव्या नाकागोत बसवता येतो, किंवा सहीसकट पट्टी पातळ करून दुमडून दुसऱ्या बाजूला रोवता येते. योशिमोतो सामोंजीच्या बाबतीत असे काही केलेले नाही. ज्याने ती आखूड करवली त्याला लोहाराच्या नावापेक्षा दुसरे काही लिहून ठेवायचे होते, असे त्या सोनेरी अक्षरांवरून वाटते.

आखूड का करायची, याचे उत्तर वापरात आहे. चौदाव्या शतकातील लांब तलवार, ताची, घोडेस्वाराची होती. ती दोन दोऱ्यांनी कमरेला टांगली जाई आणि धार खाली असे. सोळाव्या शतकापर्यंत लढाया पायदळाच्या झाल्या होत्या आणि पट्ट्यात धार वर ठेवून खोचलेली, एका हालचालीत उपसता येणारी तलवार सोयीची ठरत होती. त्यामुळे शेकडो जुन्या ताची कानशीखाली आल्या. हे नुकसान आहेच, आणि चौदाव्या शतकातील इतक्या उत्तम कामांवर आज सही नसण्याचे मुख्य कारण हेच आहे. परंतु त्या तलवारी वापरात राहिल्या म्हणून वाचल्या, हेही तितकेच खरे आहे.

मूळ रूप कसे असेल याचा अंदाज देणारी एक तलवार सुदैवाने उपलब्ध आहे. 'सा'च्या सहीची एकच ताची टिकली आहे: फुकुयामा कला संग्रहालयातील कोसेत्सु सामोंजी, जी राष्ट्रीय संपत्ती आहे. तिची लांबी ७८.१ सेंटीमीटर आहे. योशिमोतो सामोंजीची परंपरेने सांगितलेली मूळ लांबी तिच्या अगदी जवळ जाते, म्हणून ती परंपरा मला विश्वासार्ह वाटते. सुरिआगेचा परिणाम बाकावरही होतो. जुन्या ताचीचा बाक, म्हणजे सोरी, बहुधा बुडाकडे जास्त साठलेला असतो. बूड कापले की बाकाचा सगळ्यात खोल भाग मुठीत जातो किंवा नाहीसा होतो आणि उरलेले पाते मूळच्यापेक्षा सरळ दिसते. आज एखादे आखूड पाते पाहून त्याचा काळ ठरवणाऱ्याला ही कापलेली लांबी मनातल्या मनात परत जोडून बघावी लागते.

दुसरा आघात: आग

१६५७ मध्ये, मेइरेकी कालगणनेच्या तिसऱ्या वर्षी, एदो, म्हणजे आजच्या तोक्यो, शहराला लागलेल्या आगीत शहराचा मोठा भाग आणि एदो किल्ल्याचा मुख्य मनोरा जळाला. तो मनोरा पुन्हा कधी बांधला गेला नाही. किल्ल्यात साठवलेल्या शोगुन घराण्याच्या अनेक नामांकित तलवारी त्या आगीत सापडल्या आणि योशिमोतो सामोंजी त्यांपैकीच एक होती.

लोखंड जळून नाहीसे होत नाही, मग तलवारीचे नेमके काय जाते? घडवून झालेल्या पात्यावर लोहार मातीचा लेप देतो, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. मग पाते साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत लाल तापवून पाण्यात बुडवतो. या क्रियेला याकिइरे म्हणतात. धार झपाट्याने निवते आणि पोलादाची आतली रचना बदलून ती काचेसारखी कठीण होते. जाड लेपाखालचा भाग सावकाश निवतो आणि चिवट राहतो. कठीण झालेली धार किंचित फुगते, म्हणून पाते पाठीकडे वाकते आणि बाक वाढतो. कठीण आणि चिवट भागांच्या सीमेवर जी धुरकट पांढरी रेषा उमटते ती हामोन. तिच्यात डोळ्यांना सुटे दिसणारे चमकते कण असले तर त्यांना निए म्हणतात आणि कण न दिसता नुसते धुके दिसले तर ते निओइ. टोकाच्या आत हामोन ज्या वळणाने फिरतो त्याला बोशी म्हणतात.

हे सारे पाणी पाजण्यातून जन्मते आणि उष्णतेनेच मरते. आगीत पाते सुमारे ७०० अंशांच्या पुढे तापून सावकाश निवले की धारेतली ती कठीण रचना मोडते. हामोन पुसला जातो, निए आणि निओइ जातात, बोशी जाते. उरते ते मऊ, धार न धरणारे लोखंड. त्याला पुन्हा लेप देऊन, पुन्हा तापवून, पुन्हा पाण्यात बुडवले तर नवा हामोन येतो. अशा पात्याला साइबा म्हणतात. योशिमोतो सामोंजी आज साइबा आहे.

साइबा ओळखण्याच्या खुणा पुन्हा भागांच्या नावांनीच सांगाव्या लागतात. हामाचीजवळून पाठीच्या दिशेने तिरकी चढणारी एक फिकट धुरकट सावली कधी कधी दिसते, तिला मिझुकागे म्हणतात. मात्र ही एकटी खूण पुरेशी नाही, कारण होरिकावा कुनिहिरोसारख्या लोहाराच्या मूळ कामातही ती सापडते. आगीत नाकागोवरचा जुना गंज जळून पापुद्रे सुटतात आणि नव्या गंजाचा रंग वेगळा पडतो. दुसऱ्यांदा पाणी पाजताना बाक पुन्हा बदलतो. सगळ्यांत बोलकी खूण मला हामाचीपाशी वाटते. मुळात लांब असून ओ-सुरिआगे झालेल्या पात्यात हामोन हामाचीपाशी थांबत नाही, तो सरळ नाकागोत उतरत जातो, कारण आजचा नाकागो काल धारदार पाते होता. पण अशाच आखूड केलेल्या पात्यात हामोन नव्या हामाचीपाशीच सुरू होताना दिसला, तर पाणी आखूड केल्यानंतर कधीतरी पुन्हा पाजले गेले असा संशय घ्यावा लागतो. दोन आघातांपैकी आधी कोणता आणि नंतर कोणता, हे या एका जागेवर ठरते.

मग 'सा' कोठे उरला

येथे प्रकरणाचा सर्वांत अवघड भाग येतो. सही नसलेली तलवार कोणाची हे ठरवण्याच्या परीक्षणाला कांतेइ म्हणतात. परीक्षक प्रथम पाते हातभर लांब उभे धरून त्याची सुगाता, म्हणजे एकूण घाट पाहतो: लांबी, बाक, रुंदी, किस्साकी लहान की मोठी. त्यावरून काळ ठरतो. मग तो पोलादाच्या घड्यांनी आलेले पोत, म्हणजे हादा, पाहतो. त्यावरून प्रदेश आणि परंपरा कळते. शेवटी दिव्याच्या उजेडात पाते तिरपे करून हामोन आणि बोशी पाहतो, कारण लोहाराचा खास हात तेथे दिसतो. 'सा'ची कामे ओळखली जातात ती पात्याची स्वच्छ चमक, ठळक निए आणि टोकाशी अणकुचीदार होऊन पाठीकडे लांब परतणारी बोशी यांवरून.

आता आघातांचा हिशेब मांडून पाहावा. सुरिआगेने सही आणि मूळ सुगातेचा काही भाग गेला. आगीने हामोन, निए आणि बोशी गेली. म्हणजे ज्या खुणांवरून एखादी तलवार 'सा'ची म्हणून ओळखता आली असती त्या जवळजवळ सगळ्या या दोन घटनांनी नेल्या. आज दिसणारा हामोन दुसऱ्याने पाजलेल्या पाण्याचा आहे आणि 'सा'बद्दल तो साक्ष देऊ शकत नाही. हादा मात्र पोलादाच्या घडीत असते आणि पुन्हा तापवल्याने तिची ठेवण पूर्ण नष्ट होत नाही. किस्साकीचा बाह्य आकार आणि पाठीचा आकारही टिकतो. पण केवळ एवढ्यावरून कोणीही जबाबदार परीक्षक 'सा'चे नाव घेणार नाही.

म्हणून 'शिन्चो कोकी'तील नोंद निर्णायक ठरते. आगीच्या कितीतरी आधी, नोबुनागाच्या सेवेतील माणसाने या तलवारीला सामोंजी म्हटले आहे. योशिमोतोच्या हयातीत ती त्याच नावाने प्रसिद्ध होती असे त्याच्या लिहिण्यावरून दिसते, आणि तेव्हा तिची सही आणि मूळ पाणी दोन्ही जागेवर असण्याचा पुरेपूर संभव आहे. पात्याने गमावलेली साक्ष कागदाने सांभाळली. तरीही कागद आणि पाते एकमेकांना जोडतो तो नाकागोच, कारण त्यावरचा मजकूर नसता तर बखरीतली सामोंजी ती हीच, असे म्हणायला आधार राहिला नसता.

सोन्याची ती अक्षरे लोखंडात खोदून, खाचेत सोने ठोकून बसवलेली असतात. अशा मजकुराला किनझोगान-मेइ म्हणतात. सोने १०६४ अंशांना वितळते, म्हणजे पाणी पाजण्यासाठी पाते जितके तापवतात त्याच्या बरेच वर. किनझोगान-मेइ बहुधा परीक्षकाचे मत नोंदवण्यासाठी घालत. नोबुनागाच्याच संग्रहातून पुढे कुरोदा घराण्याकडे गेलेली हेशिकिरी हासेबे ही राष्ट्रीय संपत्ती याचे उत्तम उदाहरण आहे. फुकुओका शहर संग्रहालयातील ६४.८ सेंटीमीटर लांबीची ही तलवारही ओ-सुरिआगे झालेली आहे. तिच्या नाकागोवर सोन्यात हासेबे कुनिशिगे हे लोहाराचे नाव, होनआमी घराण्यातील परीक्षकाची खूण आणि कुरोदा चिकुझेन-नो-कामी हे धन्याचे नाव आहे. तेथे मजकूर गेलेल्या सहीची जागा घेतो आणि लोहाराला परत आणतो.

योशिमोतो सामोंजीचा मजकूर तसे काही करत नाही. त्यात लोहाराचे नाव नाही आणि परीक्षकाची खूणही नाही. तारीख आहे, मारल्या गेलेल्याचे नाव आहे आणि मारणाऱ्याचे आहे. नोबुनागाला ती कोणी घडवली हे ठाऊक होतेच, ते लिहून ठेवण्याची त्याला गरज वाटली नाही. ज्या दिवशी त्याचे नशीब फिरले तो दिवस मात्र त्याने सहीच्या जागी घातला. त्यामुळे मी या पात्याला केवळ 'नुकसान झालेले सा-काम' म्हणायला तयार नाही. १५६० नंतर ते एका वेगळ्या अर्थाने पुन्हा घडवले गेले आणि त्याचा पुरावा कानशीने आणि सोन्याने ठेवलेला आहे.

साइबा झालेली तलवार कलावस्तू म्हणून फार खाली गणली जाते. हे योग्यच आहे, कारण हामोन हाच या कलेचा गाभा आणि तोच तेथे परका असतो. तरी जुन्या जपानी व्यवहारात जळालेल्या नामांकित तलवारी टाकून दिल्या नाहीत. १६१५ मध्ये ओसाका किल्ला पडला तेव्हा जळालेली, आवातागुची योशिमित्सु या लोहाराची इचिगो हितोफुरी ही तलवार इएयासुने यासुत्सुगु या लोहाराकडून पुन्हा पाणी पाजून घेतली आणि ती आज सम्राटांच्या संग्रहात आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी शोगुन योशिमुनेच्या आज्ञेवरून होनआमी घराण्याने नामांकित तलवारींची जी यादी केली तिच्यात जळालेल्या तलवारींसाठी स्वतंत्र विभाग ठेवला होता.

योशिमोतो सामोंजीची सरकारी नोंद तिच्या प्रकाराने सुरू होते: कताना, म्हणजे पट्ट्यात धार वर ठेवून खोचायची तलवार. ताची म्हणून जन्मलेली तलवार कताना म्हणून नोंदली गेली, कारण वर्गीकरण आजच्या नाकागोवरून आणि लांबीवरून होते. त्यानंतर किनझोगान-मेइ असे लिहून सोन्याचा सगळा मजकूर उतरवलेला आहे: वर्ष, महिना, दिवस, योशिमोतो, नोबुनागा. सही असलेल्या तलवारीच्या नोंदीत या ठिकाणी लोहाराची सही येते. कोसेत्सु सामोंजीच्या नोंदीत तेथे 'चिकुशूचा (म्हणजे चिकुझेनचा) रहिवासी सा' असे आहे. योशिमोतो सामोंजीच्या नोंदीत 'सा' हे अक्षर फक्त तिच्या प्रचलित नावातून येते.